सातवा महिना, टाकळ्याची भाजी खाल्ली आणि लिव्हरचे आकडे वाढलेत, दुसरंच झाड असेल का?

मृगाचा_पाऊस (बुधवार, रात्री १०:४०)

नमस्कार, जरा घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. माझी वहिनी २७ आठवड्यांची गरोदर आहे, पहिलंच. गणपतीला सगळे गावी गेलो होतो, राजापूरच्या बाजूला. घरात माणसं खूप, भाजी कमी पडली म्हणून शनिवारी माझ्या मावसभावाने मागच्या पडीक जागेतून टाकळा खुडून आणला. आई दरवर्षी करते टाकळा, पण जून-जुलैमध्ये, पहिल्या पावसाचा कोवळा. आता सप्टेंबरात तो जून झालेला असतो म्हणून याने नुसते शेंडे आणले आणि त्याबरोबर कोवळ्या हिरव्या शेंगापण, गवारीसारख्या दिसल्या म्हणून त्यापण चिरून टाकल्या. आई स्वयंपाकघरात मोदकांच्या गडबडीत होती, तिने नीट बघितलंच नाही. भाजी कडवट झाली होती म्हणून बाकीच्यांनी एकेक घास खाऊन सोडली, वहिनीने मात्र दोन दिवस खाल्ली कारण तिला कोणीतरी सांगितलेलं की पालेभाजीने हिमोग्लोबिन वाढतं.

सोमवारपासून तिला मळमळ, उलट्या, अंग प्रचंड दुखतंय, पोटऱ्या आणि मांड्या जास्त. काल गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. आज लिव्हरचा रिपोर्ट आला, एसजीपीटी ३१२, एसजीओटी ५४०, बिलिरुबिन १.९. डोळे अजून पिवळे वाटत नाहीत. बीपी ठीक आहे असं म्हणाले. उद्या तालुक्याला दाखवा असं सांगितलंय.

प्रश्न दोन आहेत. टाकळ्याने असं होतं का? आणि सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? दादा गाडी काढतो म्हणतोय पण घाटात पाऊस आहे. आई एका कोपऱ्यात बसून रडतेय की माझ्या घरात असं झालं. प्लीज कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

लेबर_रूम_नाईट_ड्युटी (बुधवार, रात्री १०:५८)

ताई, थांबू नका. आत्ता निघा, आणि जिथे स्त्रीरोग, फिजिशियन आणि आयसीयू तिन्ही एका छताखाली आहे तिथे जा, मधल्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका. गाडीचं अवघड असेल तर १०८ ला फोन करा आणि 'गरोदर बाई, सातवा महिना, लिव्हरचा त्रास' असं स्पष्ट सांगा.

कारण सांगते. गरोदरपणात रक्ताचे बरेच आकडे आपोआप बदलतात, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं कारण ते वारेतूनही येतं, अल्ब्युमिन उतरतं, ते चालतं. पण एसजीपीटी-एसजीओटी गरोदरपणामुळे वाढत नाहीत. ते वाढले की काहीतरी कारण असतंच आणि ते शोधावंच लागतं. ३१२ म्हणजे नॉर्मलच्या सात-आठ पट आहे.

तिथे गेल्यावर यातल्या कुठल्या तपासण्या झाल्या ते विचारा: प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), शुगर, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, हिपॅटायटिस ए, बी आणि ई, आणि तुम्ही अंगदुखी लिहिलीय म्हणून सीपीके, ते स्नायूंना इजा झाली की वाढतं. प्लेटलेट उतरलेले आणि लिव्हर बिघडलेलं असेल तर हेल्प सिंड्रोम, गरोदरपणातलाच एक धोक्याचा आजार, तो बीपी फार नसतानाही होऊ शकतो. शुगर उतरत असेल आणि रक्त गोठायला वेळ लागत असेल तर लिव्हरमध्ये चरबी साठण्याचा तो गरोदरपणातला आजार, जो साधारण शेवटच्या तीन महिन्यांत येतो. तळहात-तळपाय रात्री खूप खाजतायत का तेपण विचारा, तो गरोदरपणातल्या लिव्हरच्या त्रासाचा वेगळा प्रकार आहे. आणि पावसाळ्यात आपल्याकडे पहिली शंका हिपॅटायटिस ई ची, शेवटच्या तिमाहीत तो झाला तर शंभरातल्या २० ते २५ बायका जाऊ शकतात, इतरांमध्ये हाच आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो.

म्हणून भाजीचा विषय महत्त्वाचा आहेच, पण भाजीवर सगळं ढकलून बाकीचं राहून जाऊ नये. दोन्ही सांगा डॉक्टरांना. ती भाजी उरली असेल तर डब्यात घ्या, झाडाची पानं-शेंगांसकट एक फांदी तोडून घ्या, कागदात गुंडाळा. झोपाळल्यासारखी वाटली, बोलणं असंबद्ध झालं, लघवी चहासारखी गडद दिसली तर जागेवर सांगा. वाटेत ती घेऊ शकली तर साखरेचं पाणी द्या, घोट घोट. उलटी काढायला लावू नका, पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

आणि आईंना सांगा रडू नका म्हणून, त्यांनी प्रेमानेच वाढलं होतं.

---

मृगाचा_पाऊस (बुधवार, रात्री ११:०९)

निघतोय. भावाला टॉर्च घेऊन फांदी आणायला पाठवलंय, फोटो टाकते. खाज नाही म्हणतेय.

(फोटो १, फोटो २)

---

काटेसावर (बुधवार, रात्री ११:३१)

फोटो बघितले. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, बावीस वर्षं झाली, दर पावसाळ्यात मुलांना घेऊन रानात असतो. फोटोवरून शंभर टक्के सांगणं बरोबर नाही पण मला हा टाकळा वाटत नाही, कासविंदा वाटतोय. काही जण याला रानटाकळा किंवा मोठा टाकळा म्हणतात आणि घोळ तिथेच होतो, कारण दोघं एकाच कुळातले, दोघांची फुलं पिवळी, दोघांच्या पानाला चुरगळलं की उग्र वास, दोघं उकिरड्याजवळ आणि रस्त्याकडेला शेजारी शेजारी उगवतात.

फरक कसा बघायचा ते सांगतो, हॉस्पिटलमध्ये कोणी विचारलं तर उपयोगी पडेल. टाकळ्याच्या एका देठावर पर्णिकांच्या बहुतेक तीन जोड्या, प्रत्येक पर्णिका टोकाशी गोल आणि रुंद, बुडाशी निमुळती. तुमच्या फोटोत पाच जोड्या आहेत आणि पर्णिका टोकाला अणकुचीदार आहेत. देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे बुडाशीच एक गडद गाठीसारखी ग्रंथी दिसतेय, ती कासविंद्याची खूण, टाकळ्यात अशा ग्रंथी पर्णिकांच्या खालच्या जोड्यांच्या मधे असतात. शेंगा बघा, टाकळ्याची शेंग लांब, काडीसारखी बारीक, विळ्यासारखी वाकलेली. तुमची शेंग चपटी आहे, कडा फिक्या आणि मधला पट्टा तपकिरी पडत चाललाय. आतल्या बिया पण बघा, टाकळ्याच्या बिया चौकटच्या आकाराच्या आणि चकचकीत असतात, कासविंद्याच्या चपट्या, गोलसर.

टाकळा (विदर्भात तरोटा म्हणतात तो) कोवळा असताना शिजवून शेकडो वर्षं खाल्ला जातोय, त्याबद्दल मी काही वाईट बोलत नाहीये. पण कासविंद्याच्या शेंगा आणि बिया विषारी आहेत, आणि हे मी पुस्तकातलं म्हणून नाही सांगत, यामुळे आपल्या देशात लहान मुलं मेली आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत, दर वर्षी पावसाळा संपला की लहान मुलं अचानक उलट्या करायची, बेशुद्ध व्हायची आणि दोन-तीन दिवसांत जायची. कित्येक वर्षं सगळ्यांनी मेंदूज्वर म्हणून सोडून दिलं. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे टी. जेकब जॉन यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासलं तेव्हा मेंदूत विषाणू नाही, लिव्हर खराब, स्नायू खराब, आणि मुलांनी खेळता खेळता या झाडाच्या शेंगा खाल्लेल्या. २००७ मध्ये त्यांनी ते छापलं. लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हीला एकदम बाधा होते म्हणून आजाराचं नावच तसं लांबलचक ठेवलंय. आजारी पडलेल्या मुलांतली चारातली साधारण तीन वाचली नाहीत.

म्हणून वहिनीच्या पोटऱ्या-मांड्या दुखतायत हे वाचून मी दचकलो. एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त आहे, तेही स्नायूंतून येऊ शकतं, पण ते डॉक्टरताई जास्त नीट सांगतील.

---

लेबर_रूम_नाईट_ड्युटी (बुधवार, रात्री ११:४५)

बरोबर, एसजीओटी स्नायूतपण असतं, म्हणूनच सीपीके मागितलं. ताई, वरची पूर्ण पोस्ट तिथल्या डॉक्टरांना दाखवा, 'कासविंदा' म्हणून त्यांना कळलं नाही तर 'कॅसिया ऑक्सिडेंटॅलिस' किंवा 'सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस' सांगा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, २४ तास चालू असतं, तिथे ते डॉक्टर स्वतः बोलू शकतात. याला उतारा असा काही नाही, सलाईन, शुगर, लिव्हर आणि किडनीवर लक्ष, बाळाचे ठोके, असंच सांभाळावं लागतं, म्हणून वेळेत पोचणं हेच औषध.

---

आजोळची_वाट (गुरुवार, सकाळी ७:१५)

आत्ता वाचलं. पोचलात का? कळवा. आमच्याकडे कावीळ झाली की एक वैदू आहेत ते नाकात थेंब सोडतात, पिवळं पाणी सगळं गळून जातं आणि चार दिवसांत माणूस खडखडीत. माझ्या दिराला गुण आलाय. आणि हळद, तेल पूर्ण बंद करा. पत्ता हवा असेल तर मेसेज करा, पैसे घेत नाहीत ते.

---

गावची_आशाताई (गुरुवार, सकाळी ७:५०)

आजोळची_वाट, तुम्ही मनापासून सांगताय हे कळतंय, पण कृपा करून हे इथे नको. मी आशा म्हणून बारा वर्षं काम करतेय. त्या थेंबांत बऱ्याचदा देवडांगरी असते, नाकाची आतली त्वचा पोळते म्हणून पाणी गळतं, ते पिवळं पाणी म्हणजे कावीळ बाहेर आली असं नाही. आमच्या पाड्यावरची एक सातव्या महिन्यातली बाई अशीच तीन दिवस थेंब आणि मुळीचा रस घेत घरी राहिली, मी रोज जाऊन सांगायचे, सासू ऐकेना, चौथ्या दिवशी गाडीत घातली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. बाळ गेलं. बाई वाचली, पण अजून ती माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाही, आणि मलाच वाटत राहतं की मी अजून जोरात भांडायला हवं होतं.

एका झाडपाल्याने लिव्हरला त्रास झालाय अशी शंका असताना त्याच लिव्हरवर दुसरा झाडपाला घालायचा नाही. हळद-तेल बंद करून गरोदर बाईला नुसत्या पेजेवर ठेवणं हेपण चूक आहे, तिची शुगर आधीच उतरू शकते.

आणखी एक, गणपतीत पाणी कुठलं प्यायलात? विहिरीचं का, उकळलं होतं का? ते सांगा डॉक्टरांना. एवढी माणसं घरात असली की कोणी पाणी उकळत नाही, आणि हिपॅटायटिस ई पाण्यातूनच येतो. बाकी कोणाला मळमळ, ताप आहे का तेपण बघा.

---

मृगाचा_पाऊस (गुरुवार, दुपारी १:२०)

पोचलो, पहाटे तीनला. ॲडमिट करून घेतलं. सगळं सांगितलं, फांदी आणि डबा दिला, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फोटो काढून घेतले आणि कोणाशी तरी फोनवर बोलले. प्लेटलेट चांगले आहेत, बीपी चांगलं, आयएनआर १.४ आलंय, ते रोज बघणार. शुगर ६२ होती, सलाईन लावलं. सीपीके खूप जास्त आलंय, चार हजारांच्या वर. हिपॅटायटिसचे रिपोर्ट उद्या. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, सोनोग्राफी झाली. वहिनी बोलतेय, थोडी चिडचिडी आहे पण शुद्धीत आहे.

आईला आता मी घरी ठेवून आलेय, तिला एकच प्रश्न पडलाय, तिने तर लहानपणापासून टाकळा खाल्लाय, तिच्या पाच बाळंतपणांत खाल्लाय, मग आत्ताच कसं?

---

दरीवरची_वाडी (गुरुवार, दुपारी २:०५)

लवकर बरी होऊ दे. पण एक बोलू का, आमच्याकडे तर कासविंद्याचीपण कोवळी पानं खातात, बियांची भाजून कॉफी करतात, आजीला दमा होता तिला काढा द्यायचे. कोणाला काही झालं नाही. उगाच सगळ्या रानभाज्यांना विषारी ठरवू नका, आधीच शहरातली माणसं नाक मुरडतात.

---

काटेसावर (गुरुवार, दुपारी ३:३०)

दरीवरची_वाडी, रानभाज्यांवर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे, म्हणूनच मोठं उत्तर लिहितो. आईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पिढ्यान्‌पिढ्या खातात ही गोष्ट खरी असते पण ती अर्धी असते. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती, किती वेळा आणि कसा शिजवून, हे सगळं मिळून ती परंपरा असते. त्यातला एक धागा सुटला की तीच भाजी वेगळी वागते. तुमच्या आईंनी आषाढातली कोवळी टाकळ्याची पानं खाल्ली, इथे भाद्रपदात दुसऱ्याच झाडाच्या शेंगा बियांसकट गेल्या, आणि एकाच बाईने दोन दिवस खाल्ल्या. हे त्यांना समजावून सांगा, त्यांचं ज्ञान खोटं ठरलेलं नाही, ज्याने खुडलं त्याला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण बांगलादेशात घडलं, सिल्हेट भागात, २००७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिथे घागरा शाक म्हणून एक भाजी आहे. ती आपल्याकडेपण उगवते, शेतात, नदीकाठी, ती काट्यांची फळं कपड्याला आणि गुरांच्या शेपटीला चिकटतात ना, शंकेश्वर, काही ठिकाणी लांडगा म्हणतात. तिथले लोक ती थोडीथोडी पूर्वीपासून खायचे. त्या वर्षी पूर आले, धान्य महागलं, घरात दुसरं काही नाही, तर लोकांनी नुकती रुजलेली रोपं भरपूर खाल्ली, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा. त्या झाडाचं विष बी मध्ये आणि बी मधून नुकत्या फुटलेल्या दोन पानांच्या रोपात जास्त असतं, झाड मोठं झालं की कमी होतं. ते पेशींमधली ऊर्जा तयार होण्याची यंत्रणाच बंद पाडतं, लिव्हर जातं आणि रक्तातली साखर कोसळते. ७६ जण आजारी पडले, १९ मेले. जी भाजी आजपर्यंत पानात होती तीच.

ओडिशातल्या मलकानगिरीत २०१६ साली आदिवासी पाड्यांवर मुलांचा असाच बळी गेला. तिथे जपानी मेंदूज्वरपण सापडला होता, पण जेकब जॉन आणि त्यांच्या सोबतच्या तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते बडा चाकुंडा या झाडावर. बडा चाकुंडा म्हणजे आपला कासविंदाच. मोठ्या माणसाला एवढ्या बियांनी काही झालं नाही म्हणून दहा किलोच्या मुलाला होणार नाही असं नसतं. पोटातल्या बाळाचं तर वजन तेव्हा एक किलोच्या आसपास.

---

लेबर_रूम_नाईट_ड्युटी (गुरुवार, रात्री ९:१०)

पोटातल्या बाळाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मला दर पावसाळ्यात हे विचारलं जातं की 'नॅचरल आहे, मग काय होतं'. वार म्हणजे गाळणी नव्हे, लहान आकाराची बरीच रसायनं ती ओलांडून जातात, आणि बाळाचं लिव्हर त्यांचा निचरा करायला अजून तयार झालेलं नसतं. स्वित्झर्लंडमधली एक केस १९८८ साली छापली गेली, आई गरोदरपणात रोज एक हर्बल चहा प्यायची, त्या चहात पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाच्या गटातली रसायनं निघाली. बाळ जन्मलं ते लिव्हरच्या बारीक शिरा बंद झालेलं, आणि काही आठवड्यांत गेलं. ही रसायनं आपल्याकडच्या खुळखुळा आणि भुरुंडी या रानझाडांतपण असतात. सरगुजा जिल्ह्यात, आताच्या छत्तीसगडमध्ये, १९७० च्या दशकात गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीचं बी मिसळलं गेलं आणि पोटात पाणी होऊन लोक गेले, कोणी हौसेने काही खाल्लं नव्हतं, रोजचीच भाकरी होती.

कासविंद्याचं म्हणाल तर त्यातली अँथ्राक्विनोन गटातली रसायनं लिव्हर आणि स्नायूंना मारक ठरतात. गरोदर बायकांना मुद्दाम खायला घालून कोणी तपासणार नाही, त्यामुळे 'इतक्यापर्यंत चालेल' असा आकडा कधीच मिळणार नाही, आणि म्हणून माझ्या ओपीडीत मी दम्याच्या काढ्यालापण नाही म्हणते, दरीवरची_वाडी, राग मानू नका.

खायचंच असेल तर अळू नीट शिजवून, शेवगा, राजगिरा, माठ, चवळी, ओळखीचं आणि स्वतःच्या माणसाने डोळ्याने बघितलेलं. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या आहेत, त्या जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. त्यासाठी कडू भाजी दोन दिवस संपवायची गरज नाही. कडू लागली तर थुंका, संकोच करू नका. सासरी वाढलेलं टाकू कसं म्हणून बायका खातात, हे मी इतक्यांदा बघितलंय.

---

मृगाचा_पाऊस (रविवार, संध्याकाळी ६:३०)

उशिरा अपडेट देतेय, माफ करा. हिपॅटायटिस ए, बी, ई सगळे निगेटिव्ह. शुक्रवारी एसजीपीटी ४८० पर्यंत गेलं होतं, त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नाही. काल ३६०, आज २१०. सीपीके हजाराच्या खाली आलंय, आयएनआर १.१. डॉक्टर म्हणाले झाडामुळेच झालं हे सिद्ध करता येणार नाही पण बाकीची कारणं एकेक करून बाजूला पडली आणि सगळं त्याच्याशी जुळतंय. बाळ हलतंय, वहिनी म्हणाली आज खूप लाथा मारतोय. तिला घरी सोडायला अजून तीन-चार दिवस, मग दर आठवड्याला तपासणी आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी.

वरचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं, कडू लागली तर थुंका. ती रडली. म्हणाली भाजी तिला पहिल्या घासालाच आवडली नव्हती, पण भावजींनी हौसेने आणलेली म्हणून खाल्ली.

मावसभाऊ खूप हादरलाय. तो मागची सगळी झाडं उपटायला निघालाय, हातांनी उपटली तर चालतील का, आणि टाकायची कुठे? शेजारची लहान मुलं तिथेच खेळतात.

---

काटेसावर (रविवार, संध्याकाळी ७:०५)

हे वाचून किती बरं वाटलं सांगू शकत नाही.

हाताने उपटली तर चालतात, विष पोटात गेलं तर बाधतं, हात नंतर साबणाने धुवा. पण आत्ताच करा, शेंगा वाळून फुटायच्या आत. एकदा बी पडलं की पुढच्या पावसात दुप्पट येतील. ओल्या जमिनीत मुळासकट सहज निघतात. बांधावर टाकून देऊ नका, शेळ्या-गुरं तोंड लावतील, त्यांनाही बाधतं. खड्डा करून पुरा, शेंगा वर राहणार नाहीत असं. आणि उपटताना शेजारच्या मुलांना बरोबर घ्या, दोन्ही झाडांची पानं शेजारी ठेवून जोड्या मोजायला लावा, मुलांनी एकदा मोजल्या की ती विसरत नाहीत. टाकळा मात्र राहू द्या, आईंना पुढच्या आषाढात लागेल.